एकाच चामड्याचे तीन आकडे: कुणाचं खरं मानायचं?

बॅगवाली
मंगळवार, रात्री ९:४०

वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा गाळा आहे. लेडीज बॅगा, पाकिटं आणि थोडे पट्टे बनवतो. माल बहुतेक इथल्याच दुकानांत जातो. यंदा पहिल्यांदाच जर्मनीतल्या एका लहान दुकानाची ऑर्डर आली. त्यांनी एकच अट घातली, चामड्यातलं हेक्झाव्हेलंट क्रोमियम (लॅबवाल्यांच्या भाषेत क्रोम सहा) ३ मिग्रॅ/किलोच्या खाली हवं, आणि शिसं-कॅडमियमचा रिपोर्टही हवा.

धारावीच्या व्यापाऱ्याकडून घेतलेल्या टॅन रंगाच्या लॉटचे तुकडे इकडे टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका लॅबला दिले. क्रोम सहा: "आढळले नाही". शिसं, कॅडमियम दोन्ही ओके. खूश होऊन सॅम्पल बॅगा पाठवल्या. त्यांनी तिकडे परत टेस्ट केली तर ५.८, नापास.

मधल्या मध्ये ओळखीच्या एकाने त्याच्या ऑफिसातली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) त्याच चामड्यावर धरली. स्क्रीनवर क्रोमियम २ टक्क्यांहून जास्त! टक्के, पीपीएम (दहा लाखांत एक भाग) नव्हे.

व्यापारी म्हणतो, "मॅडम, चेन्नईचा माल आहे, लॅबवाले असेच पैसे काढतात." आता मी कुणाचं खरं मानू? आणि पुढच्या वेळी लॅबला नेमकं काय विचारू? त्यांच्या फॉर्मवर दहा टेस्टची नावं असतात, मी मुकाट टिक करते.

टवाळ_टिटवाळा
मंगळवार, रात्री ९:५२

तीन डॉक्टर, तीन निदानं. चौथ्याकडे जाऊ नका, तो ऑपरेशन सांगेल.

(गंमत सोडा. धागा वाचतोय, कारण पायात या क्षणी काय घातलंय ते मलाही माहीत नाही.)

ऐरोलीकर
मंगळवार, रात्री १०:३०

नोकरीची बरीच वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या लॅबमध्ये ओल्या केमिस्ट्रीत गेली, म्हणून लिहितो.

आधी त्या गनचं मिटवू, ते सोपं आहे. जगातलं बहुतांश चामडं क्रोमने कमावलेलं असतं. बेसिक क्रोमियम सल्फेटमध्ये कातडं ड्रममध्ये फिरवतात, ते निळसर होतं, म्हणून त्याला वेट ब्लू म्हणतात. तयार चामड्यात साधारण ४ टक्के क्रोमिक ऑक्साइड असतं. ऑक्साइडमध्ये क्रोमियमचा वाटा ६८ टक्के. म्हणजे नुसतं क्रोमियम २.७ टक्के, किलोला २७,००० मिग्रॅ. तुमची गन २ टक्क्यांवर काही दाखवत असेल तर ते चामडं क्रोमचं आहे, एवढंच तिने सांगितलं.

क्रोमियमची दोन रूपं, तीन आणि सहा. हे सगळं क्रोम तीन. ते कातडं ज्या प्रथिनाचं बनलेलं असतं त्या कोलॅजेनच्या धाग्यांना घट्ट बांधलेलं असतं, त्याच्याचमुळे चामडं कुजत नाही. मर्यादा आहे ती क्रोम सहाला. म्हणजे २७,००० मधले ३ शोधायचे. हातातल्या गनला क्रोमियम दिसतं, ते तीन की सहा हे दिसत नाही. तेव्हा तो आकडा जर्मनीला चुकूनही कळवू नका. 🙂

आता राहिले दोन. "आढळले नाही" आणि ५.८. त्यासाठी दोन्ही रिपोर्टवर मेथडच्या रकान्यात काय लिहिलंय ते इथे टाका.

रोखठोक_घणसोली
मंगळवार, रात्री १०:४४

अहो काका, मेथड वगैरे ठीक आहे, पण हा सगळा धंदा कशासाठी चालतो ते पण सांगा की. युरोपला आयात कर वाढवता येत नाही, मग असली टेस्ट काढायची. आज क्रोम, उद्या अजून काही. चाळीस वर्षं आपण हेच बूट घालून चाललो, कोण मेलं? आणि बॅग काय कोणी अंगाला चोळतं का?

खाजवू_नका
मंगळवार, रात्री ११:१५

@रोखठोक, मरत कोणी नाही. खाजवतात.

नेरूळला त्वचारोगाची प्रॅक्टिस आहे. क्रोमियमची ॲलर्जी मला सगळ्यात जास्त दिसते ती सिमेंटचं काम करणाऱ्या गवंड्यांमध्ये, आणि त्याखालोखाल पायांवर. पावलाच्या वरच्या बाजूला, जिथे बुटाचं चामडं घासतं तिथे, लालसर खवले, भेगा, पाणी. तळवा बऱ्याचदा वाचतो. मोजे घामाने भिजले की जास्त. पॅच टेस्टला पाठीवर पोटॅशियम डायक्रोमेट लावून दोन दिवसांनी पट्टी काढायची, मग पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचं. एकदा ही ॲलर्जी जडली की ती जन्माची सोबत. त्यानंतर अगदी थोडं क्रोमियमही पुरतं.

तुमच्या कराच्या मुद्द्याबद्दल: प्रस्ताव डेन्मार्कने २०१२ मध्ये दिला, ॲलर्जीचे रुग्ण बघून. नियम २०१४ चा, लागू १ मे २०१५ पासून. तो त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांनाही लागतो, इटलीच्या चामड्यालाही. ३ हा आकडा "इथपर्यंत सुरक्षित" असा नाही. तेव्हाची प्रमाणित पद्धत खात्रीने तेवढंच मोजू शकत होती, म्हणून तिथे रेघ मारली. नियमाच्या मसुद्यातच लिहिलंय की याने नवे रुग्ण सगळे थांबणार नाहीत, अंदाजे ८० टक्के कमी होतील.

आणि हो, बॅगेची मूठ तासभर घामट हातात असते. लोकलमध्ये तर दोन्ही हातांत.

एक पुस्ती जोडतो, नाहीतर उद्या सगळे चामड्यालाच नाव ठेवतील. बुटांची ॲलर्जी म्हणजे क्रोमियमच असं नाही. रबरातलं मर्कॅप्टोबेन्झोथायाझोल, चिकटवायच्या गोंदातलं रेझिन, बकलचं निकेल, हे सगळे रांगेत उभे असतात.

टवाळ_टिटवाळा
मंगळवार, रात्री ११:१८

डॉक्टर, तुमचा आयडी हाच प्रिस्क्रिप्शन आहे. दंडवत.

प्लाझ्मा_ताई
बुधवार, सकाळी ८:०५

महापेच्या लॅबमध्ये आयसीपी-एमएसवर (अगदी थोडे धातू मोजणारं मशीन) बसते. क्रोम सहाची टेस्ट आमच्या शेजारच्या टेबलवर होते, रोज बघते.

साधारण असं: चामडं बारीक कापायचं किंवा दळायचं. सुमारे २ ग्रॅम घ्यायचं, १०० मिली फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ७.५ ते ८. बफरमधून आधी आर्गॉन सोडून ऑक्सिजन घालवायचा. ३ तास हलवायचं, गाळायचं, रंग काढायला कार्ट्रिजमधून न्यायचं. मग डायफिनाइलकार्बाझाइड घातलं की क्रोम सहा असेल तर जांभळा रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरला मोजायचा. ही आयएसओ १७०७५ चा भाग १. भाग २ मध्ये हेच द्रावण आयन क्रोमॅटोग्राफीवर घालतात, म्हणजे क्रोम सहा बाकीच्यांपासून वेगळं काढून मोजतात. गडद रंगाच्या चामड्याला भाग २ बरा, कारण रंग पूर्ण निघाला नाही तर फोटोमीटरला जांभळा आणि डायचा लाल यात फरक कळत नाही.

बॅगवाली, रिपोर्टवर रिकव्हरी दिली आहे का ते बघा. अर्कात आधीच माहीत असलेलं थोडं डायक्रोमेट मुद्दाम घालतात आणि ते परत मिळतं का ते मोजतात. ८० टक्क्यांपेक्षा जास्त परत यायला हवं. चामड्यात क्षपणकारक, म्हणजे क्रोम सहाला क्रोम तीन करणारी, द्रव्यं भरपूर असतील तर ती घातलेलं डायक्रोमेट तिथल्या तिथे खाऊन टाकतात. अशा वेळी "आढळले नाही" याचा अर्थ फक्त मोजता आलं नाही.

बॅगवाली
बुधवार, सकाळी १०:२०

बापरे. रात्री धागा टाकून झोपले आणि सकाळी एवढं!

इथल्या रिपोर्टवर "आयएसओ १७०७५-१" लिहिलंय. रिकव्हरी दिलेली नाही. जर्मनीकडून फक्त मेल आला होता, त्यात आकडा होता. पूर्ण रिपोर्ट मागवते.

ताई, एक बाळबोध शंका. शिशाच्या टेस्टला चामडं ॲसिडमध्ये विरघळवलं असं लॅबवाला म्हणाला होता. मग क्रोम सहाला सरळ ॲसिड का नाही? आणि आर्गॉन कशाला, साध्या हवेत का नाही हलवायचं?

ऐरोलीकर
बुधवार, सकाळी ११:००

बाळबोध नाही, हीच खरी शंका.

ॲसिडमध्ये क्रोम सहा भलतंच आक्रमक होतं. समोर चामडं म्हणजे नुसता सेंद्रिय पदार्थ. ते त्याचं ऑक्सिडेशन करतं आणि स्वतः क्रोम तीन होऊन बसतं. तुम्ही मोजायला जाईपर्यंत गायब, म्हणजे खोटा पास. उलट पीएच वर नेला आणि हवेतला ऑक्सिजन राहू दिला, तर तीन तासांत थोडं क्रोम तीन तुमच्याच बाटलीत सहा होऊ शकतं, म्हणजे खोटा नापास. म्हणून पीएच साडेसात ते आठच्या अरुंद पट्ट्यात धरायचा आणि ऑक्सिजन घालवायचा. मोजण्याच्या नादात वस्तूच बदलू नये, यासाठी हा खटाटोप.

दळताना ब्लेड तापलं तरी हाच घोळ. घाईत दळणारा पोरगा असेल तर आकडा हलतो.

आणि किती थोडं मोजतोय ते बघा. २ ग्रॅम १०० मिलीमध्ये, म्हणजे ५० पट विरळ. चामड्यातले ३ मिग्रॅ/किलो बाटलीत लिटरला ०.०६ मिग्रॅ होतात. रंग यायला त्याचा काही भाग घेऊन आणखी पातळ करतात. त्या फिकट जांभळ्या छटेवर तुमची जर्मनीची ऑर्डर अडकली आहे.

रंकाळा_ते_खारघर
बुधवार, दुपारी १:१०

एवढा खटाटोप कशाला? कोल्हापुरी घाला. बाभळीची साल आणि हिरडा, त्यात कातडं मुरवायचं. क्रोमच नाही तर सहा कुठलं आणि तीन कुठलं. २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे. आमच्या आजोबांची जोडी अजून कुरकुरते.

मासुंदा
बुधवार, दुपारी १:२५

जीआय मिळालेली आणि गावदेवी मार्केटात टांगलेली, यातला फरक ओळखता येतो का हो तुम्हाला? मला नाही येत. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा क्रोमच्या चामड्याची असते, वर तपकिरी रंग मारलेला. कधी चामडंच नसतं.

टवाळ_टिटवाळा
बुधवार, दुपारी १:३१

जुलैमध्ये ट्रान्स-हार्बरने कोल्हापुरी घालून ठाणे-वाशी करून दाखवा, मग बोलू. माझी जोडी रबाळ्याला उतरली, मी कोपरखैरण्याला.

रंकाळा_ते_खारघर
बुधवार, दुपारी १:४०

पावसात कोल्हापुरी घालणाऱ्याला कोल्हापुरात माणसात धरत नाहीत.

प्लाझ्मा_ताई
बुधवार, दुपारी २:१५

कोल्हापुरीवरून एक गंमत. साल-हिरड्याच्या चामड्यातही आम्हाला थोडं क्रोमियम सापडतं. एकदा बरंच सापडलं. कारण काय, तर दळायच्या गिरणीचं ब्लेड स्टेनलेस स्टीलचं. त्यात क्रोमियम आणि निकेल दोन्ही. क्रोमच्या चामड्याच्या २७,००० मध्ये ते बुडून जातं, कोणाला कळत नाही. पण जिथे मुळात जवळपास शून्य अपेक्षित आहे तिथे ब्लेडच बोलायला लागतं. आता अशा सॅम्पलला सिरॅमिकची कात्री वापरतो.

मशीनचीही एक खोड आहे. आयसीपी-एमएस वस्तुमानावरून मूलद्रव्य ओळखतं. क्रोमियमचा मुख्य समस्थानिक ५२. प्लाझ्मा आर्गॉनचा, आर्गॉन ४०. चामडं नीट जळलं नसेल तर द्रावणात कार्बन उरतो, कार्बन १२. दोघं चिकटले की ५२! मशीन म्हणतं क्रोमियम. तसंच आर्गॉन ४० आणि क्लोरीन ३५ मिळून ७५, म्हणजे आर्सेनिक. आणि कातडं टिकवायला मीठ, पिकलिंगला मीठ, क्लोराइडची काय कमी! मशीनमधल्या हेलियम भरलेल्या कोषातून आयन नेले की या जोड्या बऱ्याच मागे पडतात, पण तो मोड लावायचं लक्षात हवं. नवा मुलगा चामड्यात आर्सेनिक सापडलं म्हणून धावत आला की मी आधी क्लोराइड विचारते.

तरी आर्सेनिक हसण्यावारी नेत नाही. केस काढायला एकेकाळी चुन्यात आर्सेनिक सल्फाइड घालत असत.

ईशानची_आई
बुधवार, दुपारी ३:००

शाळेच्या बुटांचं काय? ईशान बुटाची लेस आणि घड्याळाचा पट्टा दोन्ही चघळतो. शिसं वाचून पोटात गोळा आला.

प्लाझ्मा_ताई
बुधवार, दुपारी ३:४०

घाबरू नका, पण चघळणं सोडवा. 🙂

शिसं चामडं कमावताना येत नाही. आलं तर रंगातून, विशेषतः पिवळ्या-नारिंगी फिनिशमध्ये लेड क्रोमेट वापरलं असेल तर. (त्यातलं क्रोमियम सहाच असतं, पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून बफरच्या टेस्टमध्ये पूर्ण दिसेलच असं नाही. शिशाचा आकडा मात्र उसळी मारतो.) काळ्या शाळेच्या बुटात त्याची शक्यता कमी.

अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंत एकूण शिसं १०० पीपीएमपर्यंत, वरच्या रंगात ९०. युरोपात मुलं तोंडात घालू शकतील अशा वस्तूंना ०.०५ टक्के.

इथे बॅगवालींसाठी महत्त्वाचं: धातूंचे दोन वेगळे प्रश्न असतात. आयएसओ १७०७२ भाग १, म्हणजे कृत्रिम आम्ल घामात किती उतरतं. भाग २, म्हणजे ॲसिडमध्ये सगळं जाळून एकूण किती आहे. त्याच चामड्याचे दोन आकडे काही पटींनी वेगळे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. फॉर्मवर मुकाट टिक करताना ते दोन चौकोन शेजारी-शेजारी असतात, म्हणून सांगितलं. ग्राहकाने कोणता मागितला तोच द्या.

रोखठोक_घणसोली
बुधवार, संध्याकाळी ६:२०

घरी करायची एखादी टेस्ट नाही का? पट्टी लावली, रंग आला, संपलं. दर लॉटला लॅबचं बिल भरायचं तर बॅगवाल्यांनी विकायचं काय?

ऐरोलीकर
बुधवार, संध्याकाळी ७:०५

बकलच्या निकेलसाठी आहे. डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि अमोनियाचा बोळा घासायचा, गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. स्वस्त आणि बऱ्यापैकी भरवशाचं.

क्रोम सहासाठी चामड्यावर बोळा घासणं मला पटत नाही. रंगीत चामड्याचा रंगच बोळ्याला लागतो. आणि डायफिनाइलकार्बाझाइड ॲसिडात असतं, ॲसिडाचं वर सांगितलंच. गडद जांभळं झालं तर काहीतरी गडबड आहे एवढं कळेल. काही झालं नाही तर काहीच कळलं नाही.

बॅगवाली
शुक्रवार, दुपारी १२:३०

जर्मनीचा पूर्ण रिपोर्ट आला! मेथड तीच, आयएसओ १७०७५-१. रिकव्हरी ९० च्या वर. पण त्याच्या आधी एक ओळ आहे: "आयएसओ १०१९५ नुसार पूर्व-वार्धक्य, ८० अंश, २४ तास". पूर्व-वार्धक्य हा माझा शब्द, त्यांनी प्री-एजिंग लिहिलंय. हे काय प्रकरण आहे? इथल्या लॅबने असं काही केलेलं नाही, फोन करून विचारलं.

टवाळ_टिटवाळा
शुक्रवार, दुपारी १२:३४

८० अंशाला २४ तास ठेवलं तर मीही नापास होईन.

ऐरोलीकर
शुक्रवार, दुपारी १:१५

मिळालं उत्तर. दोन्ही लॅब बरोबर आहेत.

क्रोम सहा टॅनरीतून निघताना सहसा नसतंच, ते नंतर तयार होतं. चामडं मऊ राहावं म्हणून तेल पाजतात, फॅटलिकर. त्यात असंतृप्त मेदाम्लं जास्त असली, माशाच्या तेलात असतात तशी, तर उष्णतेने आणि उन्हाने ती हवेतला ऑक्सिजन धरतात, पेरॉक्साइड बनतात, आणि ते क्रोम तीनला सहा करतं. चामड्याचा पीएच वर राहिला असेल आणि हवा कोरडी असेल तर हे आणखी सोपं जातं.

८० अंश आणि ५ टक्क्यांच्या खाली आर्द्रता, २४ तास, हे मुद्दाम घडवून आणायचं. म्हणजे इथल्या लॅबने सांगितलं "आज नाही". जर्मनीच्या लॅबने सांगितलं "वाईट दिवस आले की होईल". तुमच्या चामड्याला रक्षण कमी आहे, हे दुसऱ्या रिपोर्टमधून कळतं.

तुम्ही माल कुठे ठेवता?

बॅगवाली
शुक्रवार, दुपारी १:५०

गाळ्यात पोटमाळ्यावर. वर पत्रा. 😬 पण सॅम्पलचं चामडं खालीच होतं.

प्लाझ्मा_ताई
शुक्रवार, दुपारी २:३०

पत्र्याखालून लॉट आधी खाली आणा.

मजेची गोष्ट म्हणजे आपल्या पावसाळ्यात क्रोम सहा फारसं वाढत नाही. दमट हवेत ते उलट कमी होतं. तोच माल हिवाळ्यात हीटर लावलेल्या कोरड्या दुकानात शोकेसमध्ये उभा राहिला की वाढायला लागतो. ठाण्यात बसून ते कधीच दिसणार नाही. ठाण्यात बुरशी दिसेल.

आणि बुरशीला घाबरून कोणी बॅगेत पुड्या टाकत असेल तर साधी सिलिका जेलच टाका, आत काय आहे ते माहीत नसलेल्या पुड्या नकोत. डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्यांनी युरोपात सोफ्यांवर बसणाऱ्यांच्या पाठी-मांड्या भाजल्यासारख्या झाल्या होत्या. २००९ पासून ०.१ मिग्रॅ/किलोच्या वर बंदी आहे.

खाजवू_नका
शुक्रवार, दुपारी ३:१०

सोफ्याचं प्रकरण आमच्या जर्नलमध्ये फोटोंसकट आलं होतं. जेवताना बघू नये.

रोखठोक_घणसोली
शुक्रवार, संध्याकाळी ५:४५

थांबा थांबा. मग मी म्हणत होतो तेच झालं की. कायद्यात ३ लिहिलंय. कायद्यात ८० अंशात भाजा असं लिहिलंय का? नसेल तर माल पास आहे आणि गिऱ्हाईक जास्तीचं मागतंय.

ऐरोलीकर
शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

या मुद्द्यावर रोखठोक बरोबर आहेत. नियमात एवढंच आहे की त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूत कोरड्या वजनावर ३ मिग्रॅ/किलो किंवा जास्त क्रोम सहा असता कामा नये. वय वाढवून मोजा असं त्यात नाही. प्री-एजिंग ही गिऱ्हाइकाची अट.

पण दुकानदाराच्या बाजूने बघा. त्याच्या शेल्फवर सहा महिने बॅग राहिली आणि तिथल्या निरीक्षकाने उचलली, तर तेव्हाचा आकडा लागतो. तेव्हा तुमचा जुना रिपोर्ट त्याच्या कामाचा नाही. त्याला पुढचं बघावंच लागतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच मागितलं असतं.

खाजवू_नका
शुक्रवार, संध्याकाळी ७:००

कायदा वस्तूच्या बाजूने वाचला तर रोखठोक जिंकले. पायाच्या बाजूने वाचला तर नाही. पेशंट बूट नवा असताना येत नाही, वर्षभर वापरल्यावर येतो.

रोखठोक_घणसोली
शुक्रवार, संध्याकाळी ७:१२

बरं. अर्धा गुण तरी द्या.

मासुंदा
शुक्रवार, रात्री ८:२०

माझी एक तांत्रिक शंका. कोरड्या वजनावर म्हणजे? पावसाळ्यात चामडं पाणी धरतं. त्याने आकडा बदलतो का?

प्लाझ्मा_ताई
शुक्रवार, रात्री ९:००

बदलतो, आणि काठावर असाल तर निकालच फिरतो. चामड्यात १५ टक्के पाणी आहे आणि तसंच्या तसं वजन करून २.७ आलं, पास. कोरड्यावर काढलं की २.७ भागिले ०.८५, जवळपास ३.२, नापास. म्हणून ओलावा वेगळा मोजून रिपोर्टवर लिहायचा असतो. बॅगवालींचं ५.८ काठावर नाही, त्यामुळे तिथे वाद घालायला जागा नाही.

बॅगवाली
शनिवार, सकाळी ९:३०

ठीक. मग आता मार्ग काय? हा लॉट गेला का? आणि व्यापाऱ्याला नेमकं काय सांगू, तो "चेन्नईचा माल" यापलीकडे जात नाही.

ऐरोलीकर
शनिवार, सकाळी १०:१५

हा लॉट इथल्या दुकानांना द्यायचा का, हे तुम्ही ठरवा. जर्मनीला नको. वरून व्हिटॅमिन सी मारून आकडा खाली आणणारे आहेत. टेस्टपुरतं जमतं, चार महिन्यांनी पुन्हा वर, कारण तेल तेच आणि पीएच तोच.

व्यापाऱ्याला सोडा, त्याच्याकडून टॅनरीचं नाव आणि लॉट नंबर घ्या. चेन्नईच्या टॅनरीवाल्यांना यात नवीन काही नाही. केंद्रीय चर्म संशोधन संस्था तिथेच आहे, १९४८ पासून, आणि निर्यात करणारे हे रोज करतात. त्यांना विचारा: रिटॅनिंगला (दुसऱ्यांदा कमावताना) मिमोसा किंवा टारासारखं वनस्पतिजन्य काही घालता का? फॅटलिकरमध्ये ऑक्सिडेशन रोखणारं द्रव्य आहे का, माशाचं तेल आहे का? रंगाच्या आधी अमोनिया वापरता का? आणि शेवटी, "प्री-एजिंगनंतर क्रोम सहा" असा रिपोर्ट या लॉटचा आहे का. हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरचा माणूस सावरून बसतो.

रंकाळा_ते_खारघर
शनिवार, सकाळी १०:४०

म्हणजे शेवटी क्रोमच्या चामड्याला वाचवायला झाडाची सालच लागली! 😄

ऐरोलीकर
शनिवार, सकाळी १०:४४

लागली. तुमच्या आजोबांना नमस्कार सांगा.

प्लाझ्मा_ताई
शनिवार, सकाळी ११:३०

लॅबच्या फॉर्मवर पुढच्या वेळी हाताने लिहा: आयएसओ १७०७५, आयएसओ १०१९५ च्या प्री-एजिंगनंतर, निकाल कोरड्या वजनावर, रिकव्हरीसह. गडद रंग असेल तर भाग २. आणि ती टेस्ट त्यांच्या एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारं मंडळ) स्कोपमध्ये आहे का ते यादीत बघा. लॅबला मान्यता आहे म्हणजे प्रत्येक टेस्टला आहे असं नसतं.

शिवाय "कंपोझिट करून स्वस्तात देतो" म्हणाले तर नको म्हणा. तीन चामडी एकत्र दळली आणि एकात ६ असलं, बाकी दोन स्वच्छ, तर सरासरी २. तिन्ही पास!

बॅगवाली
शनिवार, दुपारी १२:१०

हेच विचारणार होते. अस्तर बकऱ्याच्या चामड्याचं आहे, दुसऱ्या व्यापाऱ्याकडचं. पट्टा म्हशीचा. म्हणजे तीन टेस्ट?

प्लाझ्मा_ताई
शनिवार, दुपारी १२:१८

तीन. वेगळ्या पाकिटांत, पाकिटावर लॉट नंबर. पैसे वाचवायचे असतील तर आधी अस्तर द्या, पातळ असतं आणि हात आतच जातो. ते नापास झालं तर बाकीच्या दोनांचं बिल वाचेल.

टवाळ_टिटवाळा
शनिवार, दुपारी १२:२५

आणि पोटमाळा?

बॅगवाली
शनिवार, दुपारी १२:३१

कालच रिकामा केला. कारागीर विचारतायत, आता वर काय ठेवायचं.